घट्ट बसवलेला कॉम्प्युटर

३ नोव्हेंबर, सोमवार

आणि वर मला विचारतो, काकू, बटण दाबलं होतं का. मला. मी काय त्या डब्याकडे नुसती बघत बसले होते? दाबलं, सोडलं, परत दाबलं, अंगठ्याने दाबलं, शेवटी कात्रीच्या मुठीने दाबलं. आतला पंखा एकदा थरथरतो आणि गप्प. स्क्रीन काळी ठिक्कर.

हा विचारणारा कोण, तर कॉम्प्युटरचे सुटे पार्ट विकणारा, जाड चष्मा लावणारा, तो चष्मेवाला. काल सामान देताना म्हणाला, काकू, जोडणी आमच्याकडेच करून घ्या, तुम्हाला नाही जमायचं. तिथेच माझं डोकं फिरलं. घराच्या पुढच्या खोलीत आमचं टेलरिंगचं दुकान आहे. तिथली दोन्ही शिलाई मशीनं मी शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडून परत जोडलेली आहेत, आणि तीही कस्टमर समोर बसलेला असताना. हा तर नुसता पत्र्याचा डबा. आत एक हिरवी पाटी आणि चार वायरी. सामान उचललं आणि चालू पडले.

आज फोन केला तर म्हणतो, काय काय केलंत ते रोज लिहून ठेवा, म्हणजे चूक सापडेल. चूक माझी नाहीच. पण लिहिते. त्याला मात्र दाखवणार नाही, कोणालाच दाखवणार नाही.

ठरवलं. उद्या दुपारच्या चहाच्या आत चालू.

४ नोव्हेंबर, मंगळवार, संध्याकाळ

चहा झाला. दुसराही झाला.

हा उपद्व्याप कशासाठी ते एकदा लिहून टाकते. अक्का. माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. मागच्या खोलीत राहतात, पुढच्या खोलीत काम करतात. कापायचं त्यांनी, शिवायचं मी. लग्न झाल्यापासून आम्ही समोरासमोर बसतोय. नवरा-बायकोसुद्धा एवढी समोरासमोर बसत नाहीत. आता अक्कांचे डोळे दगा देतायत. गेल्या महिन्यात एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. मी चकार शब्द बोलले नाही. म्हणजे त्या दिवशी बोलले. दुसऱ्या दिवशीही थोडं बोलले. पण त्यानंतर फक्त कस्टमरला सांगितलं.

तेवढ्यात रेडीमेडवालीने डाव साधला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला तिचं काचेचं मोठं दुकान आहे, रेडीमेड कपड्यांचं. खाली विकायचं, मागे दुरुस्ती करून द्यायची. अक्कांना म्हणते, नुसत्या काउंटरवर बसा, आल्यागेल्याचे कपडे घ्या, चिठ्ठी द्या, सुई हातात धरू नका. दुकानाच्या वर राहायला खोलीसुद्धा देते. डिसेंबरपासून.

मला काय. गेल्या तर जातील. मागच्या खोलीत कपाट ठेवता येईल. पण बिझनेसचं बघायला नको? कापणार कोण? कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम असतो, चष्मेवाल्याने दुकानात चालवून दाखवला. मापं घातली की बाही, पाठ, कॉलर, सगळं स्क्रीनवर दारा-खिडक्यांएवढं दिसतं. मग कागदावर छापायचं, कापडावर ठेवायचं आणि कापायचं. खडू नको, वाकणं नको, डोळे फोडणं नको. अक्कांना म्हटलं, असा कॉम्प्युटर घरात आला तर कशाला जाल त्या काचेत बसायला. त्या म्हणाल्या, बघू.

बघू म्हणजे हो. हे बघू म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ नाही असा असतो. पण ते ह्यांचं झालं. अक्का वेगळ्या.

५ नोव्हेंबर, बुधवार

सगळं उघडून पुन्हा बसवलं. नोंद करते.

सामानात पितळेचे बारके पाय आले होते, बोटाच्या पेराहून लहान. सोबतच्या पुस्तकात चित्र आहे, त्यात ती हिरवी पाटी, तिला मदरबोर्ड म्हणतात, त्या पायांवर उभी दाखवलीय. खाली सगळं पोकळ. असली अधांतरी फिटिंग मला चालत नाही. मशीन टेबलाला टेकून घट्ट बसलं पाहिजे. हललं की सुई मोडलीच. म्हणून पाय मी रविवारीच काढून टाकले आणि पाटी सरळ पत्र्यावर दाबून बसवली. त्यांचे स्क्रू नीट आवळेनात, तर शिलाई मशीनच्या डब्यातले माझे घातले. वायरी खुपसायची डब्याची मागची भोकं जरा खालीवर झाली, ती कानशीने घासून मोठी केली. पाय वाया घालवले नाहीत. भिंतीवरच्या फळीत पिळून बसवले आणि त्यांवर कात्र्या टांगल्या.

एवढं करूनही चालू होत नाही म्हणजे सामानच बोगस. आज एकेक स्क्रू अजून आवळला.

अक्का समोर बसून काज करत होत्या. विचारतात कशा, इंजिनिअरबाई, सगळं आवळून आवळून त्याचा जीव तर नाही ना घेतलास. मी उत्तर दिलं नाही. वायर तोंडात होती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कारण सापडलं. वीज.

खालच्या मजल्यावर सुतार आहे. त्याची करवत चालू झाली की आमचा दिवा मिचमिचतो. म्हणजे आमच्या वाटची वीज तो ओढून घेतो. मग माझ्या कॉम्प्युटरला काय मिळणार, धुपाटणं? खाली गेले आणि चार शब्द सुनावले. म्हटलं, दुपारपर्यंत करवत बंद. तो बिचारा बरं म्हणाला आणि रंधा घेऊन बसला.

दुपारी बटण दाबलं. थरथर, गप्प.

परत खाली गेले. करवत बंदच होती. पण बंद असल्याचं दाखवायला काय लागतं. मी पायऱ्या उतरताना त्याने बंद केली असणार. हे म्हणाले, अगं तो रंध्यानेच काम करतोय सकाळपासून, मी बघून आलो. ह्यांची बस डेपोत नोकरी, दिवसभर ड्रायव्हर लोकांच्या थापा खऱ्या मानायची सवय.

आता स्वयंपाकघरातल्या सॉकेटला लावून पाहिलं. मग मोरीजवळच्या. मग इस्त्रीच्या. सगळीकडे तीच थरथर. म्हणजे वीज घरभर खराब आहे.

ठरवलं. घाई करायची नाही. शांतपणे एकेक गोष्ट तपासायची.

८ नोव्हेंबर, शनिवार

पंख्यात मशीनचं तेल घातलं. एकच थेंब. मग अजून एक. फरक आहे. आधी खडबडत थरथरायचा, आता कसा मऊ थरथरतो. योग्य रस्त्यावर आहे मी.

१० नोव्हेंबर, सोमवार

चष्मेवाल्याला फोन करायचा नाही असं सकाळी ठरवलं. दुपारी केला. पण बोलले कमी.

तो म्हणाला, रॅम काढून परत बसवा. रॅम म्हणजे पट्टी असते, खाचेत कटकन बसते. बसवली. काही नाही. मग म्हणाला, काकू, मी येऊन बघू का. म्हटलं, माझ्या मशीनला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. तर म्हणतो, मग डबा दुकानात घेऊन या. म्हणजे मी तो डबा कडेवर घेऊन भर रस्त्यातून जायचं आणि सगळ्यांनी विचारायचं, काय झालं, बंद पडला का. बंद पडायला तो आधी चालू तरी झालेला पाहिजे.

शेवटी त्याने विचारलं, पंख्याला काही लावलंय का, तुमच्या बोलण्यावरून वाटतंय. मी म्हटलं, लावायचं असतं का? तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, मग कशाला लावीन.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अक्कांना सुईत दोरा ओवता येईना. दोरा ओला केला, उजेडाकडे धरला, नाकाशी आणला. मी सुई घेतली आणि ओवून दिली. उपकार विसरायचे ते विसरायचे, वर म्हणतात, तुला कोणी सांगितलं होतं. म्हटलं, एकदा कॉम्प्युटर चालू होऊ दे, सुईच नको तुम्हाला. त्या म्हणाल्या, आणि नाही झाला तर? म्हटलं, अभद्र बोलू नका. त्या म्हणाल्या, अभद्र कसलं, सरळ प्रश्न आहे, नाही झाला तर तू एकटीने कापशील का. मी म्हटलं, मला कापता येतं. त्या हसल्या.

हसायचं कारण नव्हतं. मी कापलेला एक पायजमा अजून चालू आहे. ह्यांनाच तो बसतो, आणि तेही बसले तरच, उभं राहिल्यावर नाही.

मी बोलणं बंद केलंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अक्कांनीही बोलणं बंद केलंय. मी आधी केलं होतं.

सकाळी हे दाढी करत होते. मी म्हटलं, ह्या खोलीत कोणाला निळं अस्तर सापडलं असेल तर सांगा म्हणावं. अक्का म्हणाल्या, ज्याला हवंय त्याने डोळे उघडून शोधावं म्हणावं. हे म्हणाले, मला कापायला लावू नका, गालावर ब्लेड आहे. मग मी म्हटलं, माझे डोळे उघडेच आहेत म्हणावं. तर अक्कांनी तोंड फिरवलं. मला तसं म्हणायचं नव्हतं. पण कोणी आधी बोलणं बंद केलं की असंच होतं.

अस्तर माझ्याच मांडीखाली होतं. ते मी नंतर दुसरीकडे ठेवलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेचे मास्तर पँट न्यायला आले. डब्याकडे बघून म्हणाले, नवीन पेटी घेतली वाटतं, छान, आत काय ठेवता? मी टेप गुंडाळत होते, ती अशी झटकन गुंडाळली की त्यांना लागली. चुकून.

लोकांचं तोंड बंद करायला कॉम्प्युटरला कव्हर शिवलं. राखाडी जाडं कापड, लाल पायपिंग, बटणासाठी पुढे खिसा ठेवून. काय फिटिंग बसलंय, सुरकुती नाही. दुकानातल्या चालू कॉम्प्युटरनासुद्धा असं कव्हर नसतं.

दुपारनंतर कस्टमर त्यावर कपडे ठेवायला लागले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

परत सगळं उघडलं, परत बसवलं, या खेपेला असं आवळलं की एका स्क्रूचं डोकंच तुटून आलं. बरं झालं. जो स्क्रू निघतच नाही तो नीट बसलाय असं समजायचं.

बटण दाबलं. आता थरथरतही नाही. म्हणजे तेवढी थरथर होती ती गेली. हे म्हणाले, म्हणजे बिघडला का? मी म्हटलं, शांत झाला.

अक्का बोलायला लागल्यात. म्हणाल्या, राहू दे ना आता, दे परत त्याचं त्याला. एवढं कोणासाठी चाललंय? म्हटलं, बिझनेससाठी. त्या म्हणाल्या, बरं.

ठरवलं. सोमवारपर्यंत चालू, नाहीतर माझं नाव बदला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नावाचं नंतर बघू. आज दुसराच ताप.

अक्का डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेल्या. तेवढ्यात रेडीमेडवाली स्वतः दारात. अंगावर इस्त्रीचे कपडे, तोंडावर गोड हसू. म्हणते, अक्का आहेत का, त्यांच्या खोलीला रंग देऊन झाला, पडदे कोणत्या रंगाचे हवेत ते विचारायचं होतं. बघा म्हणजे. अजून अक्कांनी हो म्हटलेलं नाही आणि ही पडद्यांची लालूच दाखवते. मी सरळ सांगितलं, अक्का कुठे जात नाहीत, आमच्याकडे आता कॉम्प्युटर आहे. ती म्हणाली, अरे वा, बघू तरी. मी कव्हर घातलेला दाखवला. ती म्हणाली, चालू करा ना. मी म्हटलं, सकाळपासून चालूच होता, आत्ताच बंद केलाय, गरम होतो.

ती जरा गोंधळली. म्हणाली, पण अक्का तर... आणि थांबली. मी म्हटलं, अक्का तर काय? म्हणाली, काही नाही, मी फोन करीन त्यांना.

अक्का आल्यावर ती आल्याचं सांगायचं राहून गेलं. चहा उतू जात होता, त्या गडबडीत. नंतर आठवण झाली तेव्हा विषय दुसरा चालला होता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरांनी काय सांगितलं ते अक्कांनी ह्यांना सांगितलं, मला नाही. मी दाराआड उभी होते. ऐकायला नाही, झाडायला. चष्म्याचा नंबर वाढवून आता काही होणार नाही. बारीक काम बंद करा. मोठं, लांबचं दिसत राहील, पण सुई, खडूची रेघ, काज, हे आता सोडा.

मग अक्काच म्हणाल्या, एवढं तोंड पाडू नकोस, मी काय आंधळी झाले नाही, फक्त टेलर उरले नाही.

मी आत जाऊन म्हटलं, त्या डॉक्टरला काय माहीत, त्याने माझा कॉम्प्युटर पाहिलाय का? दोघांनी माझ्याकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, कोणीच पाहिला नाही गं अजून.

२० नोव्हेंबर, गुरुवार, दुपार

बास. परत देणार. चष्मेवाल्याच्या काउंटरवर आपटणार आणि सांगणार, घे तुझं भंगार.

सगळे स्क्रू काढले. डोकं तुटलेला पक्कडीने उपटला, पत्रा वाकला, वाकू दे. पाटी उचलून तिच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवली, आत भरण्याआधी वायरी सोडवायच्या म्हणून. अक्का समोरून म्हणाल्या, भरण्याआधी एकदा दाब बटण. म्हटलं, कशाला? म्हणाल्या, म्हणजे त्याला छातीठोक सांगता येईल की मेलेलाच आहे. तू भांडायला चाललीयस ना, मग पुरावा घेऊन जा.

पटलं. डबा आडवा पडलेला, पाटी खोक्यावर, मधे वायरी लोंबतायत. दाबलं.

पंखा फिरला. फिरतच राहिला. मी त्याच्याकडे बघत होते, थांबेल म्हणून. अक्का म्हणाल्या, अगं तिकडे काय बघतेस, इकडे उजेड आलाय. स्क्रीनवर पांढरी अक्षरं. त्यांना दिसली माझ्या आधी.

मी खुर्चीवर बसले. उभं राहून काय करायचं होतं.

तेलाचा गुण. उशिरा लागू पडलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

चष्मेवाल्याला विजयाची बातमी द्यायला फोन केला. सगळं त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, काकू, पितळेचे छोटे पाय होते ना, पाटीखाली लावायचे? म्हटलं, होते. म्हणाला, ते कुठे आहेत? मी भिंतीकडे पाहिलं. म्हटलं, वापरात आहेत.

तर म्हणे पाटीची मागची बाजू पत्र्याला टेकली की वीज नको तिथे पळते, आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. जेवढं आवळाल तेवढं टेकतं. खाली थोडी जागा लागते म्हणे. आता हे त्याने आधी सांगायला नको? पुस्तकात चित्र आहे, पण चित्रात तर काय काहीही काढतात.

कात्र्या काढल्या. पाय काढले. पाटी पायांवर बसवली, त्यांच्याच स्क्रूंनी. घासून मोठी केलेली मागची भोकं आता वर-खाली दिसतात, तिथे कापडाची पट्टी चिकटवली. चालू झाला. मी जोडला म्हणूनच झाला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चष्मेवाला येऊन प्रोग्रॅम टाकून गेला, छापायचा प्रिंटरही ठेवून गेला. कव्हर बघून म्हणाला, हे घालून चालवू नका, गुदमरेल. मत्सर.

अक्का स्क्रीनसमोर बसल्या. शर्टाची पाठ केवढी मोठी दिसते, माणूस आत झोपेल. त्यांनी काचेवर बोट फिरवलं, खांद्यापासून बगलेपर्यंत, जसं कापडावर फिरवतात. म्हणाल्या, इथे जरा जास्त खोल घेतलंय, पण वाईट नाही. मग कागद छापला, तुकडे चिकटवले, कापडावर ठेवले, त्यांनी कापलं. दोन्ही बाह्या वेगवेगळ्या आल्या, एक डावी, एक उजवी. मी काही बोलले नाही, फक्त दोन्ही उचलून दाखवल्या.

जिंकले. रेडीमेडवालीला तिचे पडदे लखलाभ.

अक्का काहीतरी म्हणाल्या. माझं मशीन चालू होतं, ऐकू आलं नाही. मी हो म्हटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शनिवारी अक्का म्हणाल्या होत्या ते हे, पुढच्या रविवारी सामान हलवते.

मी म्हटलं, कसलं सामान? तर त्यांनी रेडीमेडवालीला कधीच हो म्हटलेलं. ती पहिल्यांदा आली त्याच दिवशी. मी सुटे पार्ट आणले त्याच्या आधी. मग मला बघू का म्हणालात? म्हणाल्या, तू चालू करतेस का ते बघू म्हटलं.

मी म्हटलं, हा कॉम्प्युटर कोणासाठी केला मी? त्या म्हणाल्या, तुला वाटत होतं माझ्यासाठी. पण मी गेल्यावर कापणार कोण होतं, तू? तुला कापायला शिकवायचा मी किती वेळा प्रयत्न केला, तुझ्या हातात कात्री दिली की कापडच रडतं. तुला हे लागणारच होतं. आणि मी जातेय असं आधी सांगितलं असतं तर तू रागाने घेतलंच नसतंस.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता सगळं उघडून ठेवते. त्या म्हणाल्या, उघड की. आता जोडता येतं तुला.

ह्यांनाही सगळं माहीत होतं. तीन आठवडे तोंडाला कुलूप. विचारलं तर म्हणतात, तू एवढ्या कामात होतीस, मधे कुठे बोलायचं. आणि अक्का म्हणत होती, तिला करू दे.

अक्का म्हणाल्या, मला आता जरा उजेडात बसायचंय गं, माणसं बघायचीत. लांबचं दिसतंय तोवर. मी म्हटलं, माणसं काय इथे येत नाहीत? त्या म्हणाल्या, येतात, आणि तू त्यांना टेपने मारतेस.

मला त्यावर हसू आलं. ते मोजायचं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रेडीमेडवाली आली होती हे अक्कांना सांगितलं. त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, निळे सांगितले होते मी, ती विकत आणणार आहे. म्हटलं, विकतचे पडदे तुमच्या खिडकीला? आमच्या दुकानाची काही लाज आहे की नाही?

निळं कापड काढलं. पडदा चौकोनीच असतो, तरी मी कॉम्प्युटरवर काढला. छापला, चिकटवला, कापला. स्वतः. अक्का शेजारी हात मागे बांधून उभ्या होत्या, एकदाही मधे पडल्या नाहीत, फक्त श्वास जोरात घेत होत्या.

एक पडदा जरा आखूड आला. प्रोग्रॅमची चूक. खाली पट्टी जोडली, आता डिझाइन वाटतं.

३० नोव्हेंबर, रविवार

टेम्पो आला. पेटी, गादी, अक्कांचं मशीन. मशीन नेऊ नका म्हटलं, सुई धरायची नाही ना तिथे. त्या म्हणाल्या, बघायला तरी असू दे.

टेम्पोवाल्याने दोर सैल बांधला होता. मी सोडून परत बांधला. तो म्हणाला, काकू, आता सोडायला कात्री लागेल. लागू दे.

गेल्या.

खोली मोकळी. कपाट ठेवलं नाही अजून, माप घ्यायचंय.

२ डिसेंबर, मंगळवार

कॉम्प्युटर उत्तम चालतो. लिहून ठेवते, कारण कोणी विचारत नाही.

सकाळी त्याला म्हटलं, हे काय, बाहीला एवढी ढील कशाला. तो काही बोलला नाही. समोरची जागा रिकामी आहे म्हणून त्याला तिथे ठेवला, तर दिसतं काय, तर स्वतःचंच तोंड काळ्या काचेत. परत बाजूला ठेवला.

मास्तर आले होते. म्हणाले, अक्का दिसत नाहीत. म्हटलं, बढती झाली त्यांची. पँट फुकट आखूड करून दिली. माझा मूड चांगला होता म्हणून.

६ डिसेंबर, शनिवार

कोटाची ऑर्डर आलीय. प्रोग्रॅम खांदा दोन तऱ्हांनी दाखवतो, आणि कोणती घ्यायची ते लिहीत नाही. चष्मेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, काकू, मी पार्ट विकतो, खांद्याचं मला काय कळतं. अक्कांना फोन करता आला असता. पण फोनवर खांदा कसा दाखवणार. आणि तसंही मला त्या बाजूला जायचंच होतं.

ह्यांचा पांढरा शर्ट घेतला. कॉलर उसवलेली होती. म्हणजे सकाळी मीच उसवली. काहीतरी घेऊन जायला हवं ना, दुकान आहे ते.

बस बदलून पोचले. काय दुकान, सगळीकडे दिवे, दुपारीसुद्धा. लाइन होती. मी लाइनीत उभी राहिले, कोणी ओळख दाखवून पुढे गेली असं म्हणायला नको. अक्का काउंटरवर. चष्म्याला नवी फ्रेम. एका म्हातारबाबांशी हसून बोलत होत्या, ते जायलाच तयार नाहीत. माझा नंबर आला. त्यांनी शर्ट घेतला आणि मान वर न करता विचारलं, नाव? मी नाव सांगितलं. पूर्ण. मग त्यांनी वर पाहिलं.

शर्ट त्यांनी डोळ्यांजवळ नेलाच नाही. कॉलरीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ही टीप आपोआप गेलेली नाही. ब्लेडने काढलीय, आणि माझ्या ओळखीच्या हाताने काढलीय. मी म्हटलं, कस्टमरला असले प्रश्न विचारतात का तुमच्या दुकानात? त्या म्हणाल्या, नाही विचारत. चिठ्ठी फाडून दिली. गुरुवारी तयार.

म्हटलं, पडदे कसे बसले? म्हणाल्या, पट्टीवाला पडदा रेडीमेडवालीला आवडला, विचारत होती डिझाइन कुठलं. मागचा माणूस खाकरला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने स्वतःचंच बिल वाचायला घेतलं.

मग सांगून टाकलं. म्हटलं, रविवारी तुमचं दुकान बंद असतं. रविवारी येत जा. राहायला नको, कामालाही नको, जेवायला या आणि बसा समोर. खांदा दोन तऱ्हांनी दाखवतो तो, मला कळत नाही. मला कळत नाही, असं मी भर लाइनीत बोलले. खरं तर त्याला कळत नाही, पण तिथे समजावत कोण बसणार.

अक्कांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, अगं, लाइन खोळंबलीय.

म्हटलं, खोळंबू दे. आणि आत्ता उत्तर नकोच आहे मला. दरवेळी घाई करते म्हणता ना, ही घ्या, मुदत देते. गुरुवारी मी शर्ट न्यायला येईन. गुरुवारी, शटर खाली ओढायच्या आत, रविवारी येणार की नाही ते मला तोंडावर सांगायचं. हो तर हो, नाही तर नाही. कॉलर नाही झाली तरी चालेल.